हात लावावा

“उघडून बघू का?”

असं विचारेपर्यंत चाचांनी वस्तू निम्मी उघडलेली असायची. मी आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा प्रयोगशाळेतल्या अकरा सूक्ष्मदर्शकांपैकी फक्त चारांतून काही दिसायचं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, “दुरुस्तीला माणूस पाठवते. पण त्यांना एकटं सोडू नका.”

मला वाटलं, माणसाला उचलेगिरीची सवय असेल. दोन तास मी पहारा दिला आणि मग कसल्याशा मीटिंगला गेले. परत आले तर अकराही सूक्ष्मदर्शक ठणठणीत होऊन ओळीत उभे होते. शेजारच्या टेबलावर मात्र भिंतीवरचं घड्याळ, स्प्रिंगचा तराजू आणि माझ्या डब्याची कडी, सगळं सुटं करून वर्तमानपत्रावर मांडलेलं होतं.

“घड्याळ बिघडलं नव्हतं,” मी म्हणाले.

“हो ना. म्हणूनच उघडलं. चांगलं चालतं ते कशामुळे, हेही बघायला नको का?”

साठीच्या आसपासचा शिडशिडीत माणूस. कातरलेली पांढरी दाढी, अर्ध्या बाह्यांचा विटका शर्ट, खिशात चिमटा आणि डोळ्याला लावायचं छोटं भिंग. शाळेपासून पाच मिनिटांवर, एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. आजोबांनी तिथे घड्याळं दुरुस्त केली, वडिलांनी शिलाई मशिनं, आणि चाचांनी उरलेलं सगळं. “आमच्या प्रत्येक पिढीला बंद पडायला नवीन वस्तू मिळत गेली,” ते म्हणायचे. नाव बहुतेक कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळी शाळा त्यांना चाचा म्हणायची.

पेठेतल्या माणसाची जीभ होती त्यांची. आमच्या गणिताच्या बाईंनी एकदा मिक्सर आणला.

“कधी बिघडला?”

“काल संध्याकाळी.”

“काल संध्याकाळी घरात नवीन काय झालं?”

“काही नाही हो. जरा आवाज करत होता म्हणून ह्यांनी उघडून बघितला.”

“मग बिघाड मिक्सरमध्ये नाही,” चाचा म्हणाले आणि शांतपणे स्क्रू काढायला लागले.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण त्यांचं कुतूहल बहुधा आपापल्या कामापुरतं असतं. चाचांचं तसं नव्हतं. काम झालं की ते माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसायचे आणि मुलांच्या आधी हात वर करायचे. मुंगीला वजन जाणवतं का? आंधळ्या माणसाला स्वप्नात काय दिसतं? मला उत्तर येत नसलं की मी म्हणायची, “बघून सांगते.” ते विसरायचे नाहीत. आठवड्याने स्कूटर गेटापाशी थांबवून विचारायचे, “बाई, मुंगीचं काय झालं?”

एका सोमवारी सकाळी ते काही काम नसताना आले. त्यांची मुलगी खराडीला एका कंपनीत नोकरीला होती. तिथे घरच्या माणसांना ऑफिस दाखवायचा कार्यक्रम होता आणि चाचा जाऊन आले होते.

“बाई, तिथे भिंतीवर एक पांढरा डबा होता. वर हिरवं हृदय, आणि हृदयात वीज काढलेली. मला वाटलं, प्रेमाबिमाचं काही असेल. आजकाल ऑफिसात सगळंच असतं.”

“उघडलात ना?”

“काच सरकवली फक्त. एवढ्या जोरात बोंबललं ते! गार्ड धावत आला. मुलगी दोन दिवस बोलत नाहीये. आत काय असतं?”

मी सांगितलं, त्याला डिफिब्रिलेटर म्हणतात. कुणाचं हृदय अचानक बंद पडलं तर छातीवर दोन पट्ट्या चिकटवून शॉक द्यायचं यंत्र.

“म्हणजे ढकलस्टार्ट.”

“नाही,” मी म्हणाले आणि फळ्यावर हृदय काढलं. “हृदयाची स्वतःची एक वीज असते. तिच्या तालावर ते आकुंचन पावतं. कधीकधी हा ताल असा बिघडतो की हृदय नुसतं थरथरत राहतं. रक्त पुढे जात नाही आणि माणूस कोसळतो. शॉक दिला की ती थरथर क्षणभर थांबते. मग हृदयाला आपला ताल पुन्हा धरता येतो.”

चाचा फळ्याच्या अगदी जवळ गेले.

“म्हणजे शॉक थांबवायला देतात? चालू करायला नाही?”

“हो.”

“लंबक वेडावाकडा हलायला लागला की आम्ही बोटाने धरतो. आणि सोडतो. मग तो आपला आपण नीट हलतो.”

“तसंच काहीसं.”

त्यांनी खुर्ची ओढली.  म्हणाले, “माझा धाकटा भाऊ होता, सलीम. कॉलेजात होता. मैदानावर क्रिकेट खेळताना पळता पळता पडला. मी बघायला गेलो होतो. लोक म्हणाले फीट आली, चप्पल हुंगवा, कांदा हुंगवा. कुणीतरी वडेवाल्याकडून कांदा आणला. मी त्याच्या नाकाशी कांदा धरून बसलो, बाई. शहरात बंद पडलेलं घड्याळ कुणाकडेही गेलं तरी शेवटी माझ्याकडे यायचं. आणि मी कांदा धरून बसलो.”

मी खडू खाली ठेवला.

“हे यंत्र तिथे असतं तर?”

“माहीत नाही, चाचा. त्याला नेमकं काय झालं होतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.”

“पण बघता आलं असतं.”

“हो. बघता आलं असतं.”

त्यानंतर त्यांना दुसरं काही सुचेना. एवढी मुलं रोज मैदानावर पळतात, मग असा डबा शाळेत का नाही? मला विचारलं, खेळाच्या सरांना विचारलं, गेटवरच्या वॉचमनलाही विचारलं. मोठ्या बाईंना विचारायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, हार्ट अटॅक म्हाताऱ्यांना येतात.” यावर चाचा तडक माझ्याकडे आले आणि मला घेऊन परत वर गेले. मी सांगितलं की हा अटॅक वेगळा, हा विजेचा बिघाड असतो आणि क्वचित का होईना, मुलांनाही होतो. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबलं तर फार उशीर होतो. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि फाईल पुढे ओढली, म्हणजे आम्ही निघावं.

तशात माजी विद्यार्थिनींची एक तुकडी शाळेला काही भेट द्यायची म्हणून आली. चाचा ऑफिसात घंटेचं बटण दुरुस्त करत होते. मोठ्या बाईंनी पाण्याचा कूलर सुचवला.

चाचा खाली मान घालून म्हणाले, “द्या, द्या. आधीचे तीन कूलर माझ्या हातून दुरुस्त झालेत. चौथाही होईल.”

त्या बायका हसल्या. त्यांच्यातली एक डॉक्टर होती. तिने विचारलं, “मग तुम्ही सुचवा.” चाचांनी सुचवलं. डॉक्टर मोठ्या बाईंकडे वळून म्हणाली, “हे मला सुचायला हवं होतं.”

दोन महिन्यांनी यंत्र आलं. समारंभ झाला, फोटो निघाले, आणि दुसऱ्या दिवशी यंत्र मोठ्या बाईंच्या खोलीतल्या कपाटात गेलं. कपाटाला कुलूप. शिवाय काचेवर पाटी: ‘महागडी वस्तू. परवानगीशिवाय हात लावू नये.’

चाचा ती पाटी बघून आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. “बाई, पडलेल्या माणसाने अर्ज कुणाकडे करायचा?”

मोठ्या बाईंचंही अगदीच चूक नव्हतं. डबा बाहेर लावला तर मुलं खेळणार, ही त्यांची भीती. चाचा म्हणाले, “खेळू द्या. उघडतं कसं ते तरी कळेल.” बरीच वादावादी झाली. शेवटी डॉक्टरबाईंनी फोन केला आणि डबा मैदानाच्या दारापाशी, व्हरांड्यात लागला. पाटीही सोबत आली. पहिल्या आठवड्यात मुलांनी तीन वेळा तो उघडला आणि तीनही वेळा सगळी शाळा त्या बोंबेने दणाणली. मोठ्या बाई संतापल्या. चाचांनी तोडगा काढला: प्रत्येक वर्गाला ओळीने आणायचं आणि प्रत्येकाला एकदा डबा उघडू द्यायचा. दिवसभर शाळेच्या कानठळ्या बसल्या. पण त्यानंतर कुणी उगाच हात लावला नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी पाटीवरची खालची ओळ खरवडली आणि काळ्या रंगाने लिहिलं: ‘कुणी पडलं तर हात लावावा.’ मोठ्या बाई जाता-येता ती पाटी वाचत राहिल्या. पुसून टाका असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

मग डॉक्टरबाई छातीपर्यंतचा एक रबरी पुतळा घेऊन शिकवायला आल्या. छाती कुठे दाबायची, किती जोरात, पट्ट्या कुठे लावायच्या. चाचांनी एवढे प्रश्न विचारले की त्या म्हणाल्या, “सर, आपला विषय कोणता?”

“बंद पडलेले सगळे.”

यंत्र इंग्रजीत बोलतं हे कळल्यावर ते अस्वस्थ झाले. “घाबरलेल्या माणसाला इंग्रजी कुठून सुचणार?” त्यांनी मराठीत एक कार्ड लिहिलं आणि आमच्या सेविका मंदाताईंना वाचायला दिलं. मंदाताई मांजरी गावाहून रोज बसने यायच्या. त्या अडखळल्या.

“रुग्ण म्हंजी आजारीच ना? सरळ माणूस लिवा की.”

चाचांनी ‘रुग्ण’ खोडून ‘माणूस’ केलं. ‘विवस्त्र’चं ‘छातीवरचे कपडे कापा’ झालं. चार वेळा कार्ड बदललं. शेवटची ओळ त्यांची स्वतःची होती: ‘घाई करा, गडबड नको.’

शिकवणं संपत आलं तेव्हा त्यांनी पुन्हा हात वर केला.

“मुलगी असली तर?”

 खेळाचे सर खिडकीबाहेर बघायला लागले.

“नाही, विचारतोय. कपडे कापा म्हणता. मैदानावर दोनशे पोरं असतात. मुलगी पडली तर हात कोण लावणार? का सगळे लाजून उभे राहणार?”

डॉक्टरबाई म्हणाल्या, “बरं झालं विचारलंत. खरोखर असं होतं. लोक कचरतात आणि वेळ जातो.” मग आम्ही तिथेच ठरवलं. मुलींनी भोवती कडं करायचं, सगळ्यांची तोंडं बाहेर. कपडे मंदाताई कापतील. त्या नसतील तर जो जवळ असेल तो, सर असले तरी सर. खेळाच्या सरांनी मान हलवली. एका शनिवारी मुलींनी तसं कडं करून दाखवलंसुद्धा. फार हसल्या त्या दिवशी.

जानेवारीतल्या एका सकाळी, दुसऱ्या तासाला, मी प्रयोगशाळेत होते. मैदानावर खो-खोचा सराव चालला होता. शिट्टी वाजली, आणि वाजतच राहिली.

नववीतली केतकी खांबापाशी पडली होती. मुलींना आधी वाटलं, ठेच लागली. मी पोचले तेव्हा ती उताणी होती, डोळे अर्धवट उघडे. कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन आलं होतं. हाक मारली, खांदे हलवले, काही नाही. मधूनच तोंड उघडून ती एक मोठी उचकीसारखी हवा ओढत होती. मला वाटलं, श्वास चालू आहे. क्षणभर फार बरं वाटलं. मग डॉक्टरबाईंचं बोलणं आठवलं: पाण्याबाहेरच्या माशासारखा श्वास म्हणजे श्वास नव्हे.

मी गुडघ्यांवर बसले आणि छाती दाबायला लागले. सर रुग्णवाहिकेला फोन लावत होते. फोन त्यांच्या हातून दोनदा पडला. तेवढ्यात व्हरांड्यातून ती बोंब ऐकू आली. त्या आवाजाचा मला एवढा आनंद कधी होईल असं वाटलं नव्हतं.

“बाई, हे घ्या, आणलं!” मंदाताई पळत येत होत्या. कासोटा नसलेल्या साडीत एवढं कसं पळता येतं, देव जाणे. “पोरींनो, कडं!”

मुली रडत होत्या, पण त्यांनी कडं केलं. पाठी आमच्याकडे, हात एकमेकींच्या हातात. मंदाताईंनी डब्यातली कात्री काढली आणि गणवेश गळ्यापासून खाली कापला. यंत्र इंग्रजीत बोलायला लागलं. मंदाताई कार्ड मोठ्याने वाचत होत्या, पोथी वाचावी तशा, एकेका शब्दावर बोट ठेवून. “एक पट्टी उजव्या खांद्याच्या खाली. दुसरी डाव्या बाजूला, काखेच्या खाली.” सरांनी फोन ठेवून पट्ट्या चिकटवल्या. “ आता कुणी हात लावू नका.”

मी हात काढले. यंत्र तपासत होतं.  मग नारिंगी बटण लुकलुकलं. मी दाबलं. केतकीचं अंग एकदा उसळलं.

“थांबू नका, परत दाबा,” मंदाताईंनी वाचलं. मी दाबत राहिले, मी दमले तेव्हा सरांनी दाबलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग केतकीने हात हलवला आणि सरांचं मनगट बाजूला ढकलायला बघितलं. पुसटसं म्हणाली, “दुखतंय.”

सर तिथेच मातीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. रुग्णवाहिका त्यानंतर आली.

चाचा त्या दिवशी दुकानात होते. शाळा सुटल्यावर मी गेले आणि सांगितलं. त्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला. मला वाटलं, आता डोळे पुसतील. पण त्यांनी जिन्याची पायरी झटकून मला बसायला दिलं आणि विचारायला सुरुवात केली. यंत्र आधी काय बोललं? तपासायला किती वेळ घेतला? शॉक एकदाच? पट्टी घामाने निसटली नाही ना? कार्डातलं कुठलं वाक्य अडलं? मी आठवेल तेवढं सांगत गेले. सगळं सांगून झाल्यावर ते हळूच म्हणाले, “दुखतंय म्हणाली?”

“हो.”

“वा,” चाचा म्हणाले. “वा.” आणि मग बराच वेळ त्यांना पेचकस सापडेना. तो समोरच होता.

केतकीच्या हृदयाच्या विजेत जन्मापासूनच एक बारीक दोष होता. डॉक्टरांनी तिच्या छातीत कातडीखाली एक चिमुकलं यंत्र बसवलं. ती शाळेत परत आली तेव्हा चाचा तिला भेटायला आले. दोघं प्रयोगशाळेत समोरासमोर बसले.

“ते आतून स्वतःच बघतं? आणि लागलं तर स्वतःच शॉक देतं?”

“हो. बॅटरी संपत आली की बदलतात.”

“केवढं आहे?”

केतकीने अंगठा आणि बोटाने दाखवलं. चाचांची नजर तिच्या खांद्यापाशी गेली, तशी ती म्हणाली, “चाचा, हे उघडायचं नाही हं.”

एवढं हसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर त्यांना नाद लागला. डॉक्टरबाईंकडून एक जुना रबरी पुतळा त्यांनी मागून घेतला आणि तो स्कूटरवर मागे बांधून ते शाळाशाळांतून जायला लागले. एकदा सिग्नलला पोलिसाने अडवलं. “मागे कोण?” चाचा म्हणाले, “हा रोज मरतो. आत्ता शाळेत जिवंत करायला नेतोय.” काही शाळांनी यंत्र घेतलं, काहींनी चहा पाजून वाटेला लावलं. चाचा दोन्हीकडे पुन्हा जायचे.

मागच्या हिवाळ्यात मंदाताई आम्हाला त्यांच्या गावच्या शाळेत घेऊन गेल्या. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला बारा मजली नव्या इमारती, मध्ये शाळा. शनिवार होता, म्हणून पालकही आले होते. चाचांना आता गुडघे टेकवत नव्हते. ते खुर्चीवर बसून बोलले आणि मी दाबून दाखवलं. शेवटी त्यांनी नेहमीसारखं विचारलं, “कुणाला काही विचारायचंय?”

मागून एक आजोबा उठले. “हे म्हशीला चालतंय का?”

सगळं अंगण हसलं. मास्तरही हसले. चाचा मात्र हसले नाहीत.

“माहीत नाही,” ते म्हणाले. “विचारून सांगतो.”

परतताना रिक्षात त्यांनी हात पसरून माप घेतलं. मग म्हणाले, “म्हशीची छाती केवढी असेल, बाई? पट्ट्या पुरायच्या नाहीत. आणि केसांचं काय करायचं?” उतरेपर्यंत आम्ही म्हशीवरच बोलत होतो.

पुढच्या महिन्यात चाचा गेले. मूत्रपिंडाचं दुखणं होतं. ते त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होते. मी भेटायला गेले तेव्हा सलाइनचा थेंब कशाने कमीजास्त होतो ते नर्सला विचारत होते. मातीला आमची अर्धी शाळा गेली होती.

त्यानंतर काही दिवसांनी डॉक्टरबाईंचा फोन आला. चाचांनी मांजरीहून आल्या आल्या त्यांना म्हशीबद्दल विचारलं होतं. त्यांनी जनावरांच्या एका डॉक्टरला विचारलं. तो परगावी होता, म्हणून उत्तर यायला उशीर झाला. “आता कुणाला सांगू, कळेना,” त्या म्हणाल्या. “म्हणून तुम्हाला फोन केला.”

रविवारी मी मंदाताईंबरोबर मांजरीला गेले. आजोबा गोठ्यात होते. त्यांनी मला ओळखलं.

“त्ये चाचा न्हाय आले?”

मंदाताईंनी सांगितलं. आजोबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि थोडा वेळ हातात धरली.

मी म्हणाले, “तुमच्या प्रश्नाचं उत्तर आलंय. हे यंत्र म्हशीला चालत नाही. ते माणसाच्या हृदयाचा ताल ओळखायला बनवलंय. म्हशीचं शरीर केवढं तरी मोठं, ठोके वेगळे. याचा शॉक तिला पुरणारही नाही.”

आजोबांनी मान हलवली. मग म्हशीच्या पाठीवर हात ठेवला.

“मंग म्हशीसाठी वायलं कुणी बनवलंच न्हाय व्हय?”

मी पिशवीतून वही काढली.

“विचारून सांगते,” मी म्हणाले.